निघेल की, कधीही!

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या बोअरची मोटर बंद पडली. पुण्याच्या टोकाला, धायरीत, एप्रिलमध्ये बोअर बंद पडणं म्हणजे काय, हे धायरीकरांना सांगायला नको आणि कोथरूडकरांना सांगून कळणार नाही. आमचे सेक्रेटरी सुभाषराव निवांत होते. "काकू, काळजी करू नका. मोटर वर काढायची, दुरुस्त करायची, परत सोडायची. संध्याकाळपर्यंत पाणी."

मी तीस वर्षं जमिनीत वस्तू पुरायची नोकरी केली. मातीच्या धरणांच्या पोटात पाण्याचा दाब मोजायची यंत्रं, म्हणजे पिझोमीटर, बसवायचे. त्यामुळे पुरलेल्या वस्तूबद्दल "काढू की वर" असं कुणी सहज म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. पण एका सोसायटीत राहायचं तर काही गोष्टी मनातच ठेवलेल्या बऱ्या.

नऊ वाजता नामदेव मिस्त्री आणि त्यांची तीन पोरं टेम्पोतून आली. लोखंडी तिपाई उभी केली, चेन पुली टांगली, पाईपाला क्लॅम्प आवळला. मोटर २६० फुटांवर, वीस-वीस फुटी तेरा पाईप. पहिला पाईप निम्मा वर आला आणि थांबला. साखळी ताणली तशी तिपाईचा एक पाय पेव्हिंग ब्लॉकमध्ये बोटभर रुतला, पण पाईप हलेना. मिस्त्रींनी पाईपाला कान लावला. एका पोराला म्हणाले, "पाना मार." त्याने ठण्णकन एक ठोका दिला. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते.

"खालनं धरलंय. गेरू सुटलाय."

आपला दख्खनचा खडक म्हणजे लाव्हाचे थरावर थर. दोन काळ्या थरांच्या मध्ये कुठेकुठे तांबड्या मातीचा पट्टा असतो, त्याला बोअरवाले गेरू म्हणतात. केसिंग पाईप असतो तो वरच्या चाळीसेक फुटांत, मुरूम संपेपर्यंत. त्याखाली भोक उघडंच. अकरा वर्षं पाणी वर-खाली झालं, तांबडी माती भिजली, वाळली, फुगली, तिचे खडे मोटर आणि कपारीच्या मध्ये जाऊन बसले. पहिल्या वर्षी हीच मोटर तासाभरात वर आली असती.

"दर दोन वर्षांनी काढून परत सोडायला पाहिजे होती, काकू," मिस्त्री म्हणाले. "काढत राहिलं तरच निघतंय."

हे वाक्य ऐकून मी घरी आले, चहा टाकला आणि कपाटातली एक फाईल काढली. निवृत्त झाल्यापासून मला एक वेगळंच वेड लागलंय. अणुभट्टीतला जळून गेलेला, पण शेकडो शतकं किरणोत्सारी राहणारा कचरा जमिनीखाली खोल पुरतात, त्याबद्दल मिळेल ते मी वाचत असते. सुरुवात साधी झाली. एका जुन्या सहकाऱ्याने फिनलंडमधल्या बोगद्याचा फोटो पाठवला. फोटोत भिंतीला लावलेल्या यंत्रांच्या केबली होत्या, माझ्या ओळखीच्या. म्हटलं, अरे, हे तर आपलंच काम!

फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ओल्किलुओटो बेटावर ऑन्कालो नावाची जागा आहे. खोदाई २००४ साली सुरू झाली. चारशे मीटरहून खोल बोगदे, आणि बोगद्यांच्या जमिनीत उभी भोकं. प्रत्येक भोकात एक तांब्याचं पिंप उतरवायचं. बाहेर ५ सेंटीमीटर जाड तांबं, आत बिडाचा सांगाडा, त्यात वापरलेलं इंधन. पिंपाभोवती बेंटोनाइट, म्हणजे पाण्याने फुगणारी माती ठासायची, बोगदा मातीनेच भरायचा, तोंडाला काँक्रीटचा बूच. तिथला खडक सुमारे १९० कोटी वर्षांचा आहे. आपल्या सिंहगडाचा खडक साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे त्याच्यापुढे अगदीच पोर. २०२४ साली त्यांनी खऱ्या कचऱ्याशिवाय सगळ्या कामाची रंगीत तालीम सुरू केली.

आता यात दोन प्रश्न येतात, आणि ते कुणीही शहाणा माणूस विचारेल. एकदा पुरल्यावर खाली काय चाललंय ते कळणार कसं? आणि काही बिनसलं, किंवा पुढच्या पिढीला वाटलं की हे चुकलं, तर ते वर काढता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाला सुभाषरावांचं उत्तर मी तुम्हाला सांगितलंच.

खरं उत्तर जिन्यासारखं आहे. ओईसीडी या देशांच्या संघटनेच्या अणुऊर्जा संस्थेने सहा पायऱ्या मांडल्यात. कचरा जमिनीवरच्या गोदामात, ही पहिली. मग खाली नेऊन आपल्या खोबणीत ठेवला. मग खोबणी बंद केली. मग त्या भागातले बोगदे भरले. मग सगळी जागाच बुजवली. आणि शेवटी तो दूरचा काळ, जेव्हा पिंपंच कुजून गेलेली असतील. प्रत्येक पायरीला काढणं अवघड आणि महाग होत जातं, पण त्याच पायरीला माणसाने लक्ष देण्याची गरजही कमी होत जाते. म्हणून "काढता येईल का" याला हो किंवा नाही असं उत्तरच नसतं. कोणत्या पायरीवर उभे आहात, ते आधी सांगा.

स्वीडनने हे करूनच पाहिलं. एस्पो बेटाखाली त्यांची प्रयोगशाळा आहे, तिथे २००० साली त्यांनी खऱ्या मापाचं पिंप बेंटोनाइटमध्ये ठासून बसवलं. आत कचरा नाही, विजेचे हीटर. माती मुद्दाम पाण्याने भिजवली, फुगू दिली. मग २००६ मध्ये ते पिंप मोकळं केलं. भिजून फुगलेली बेंटोनाइट पिंपाला अशी धरते की ओढून काढायचा प्रश्नच नाही. त्यांनी खारं पाणी फिरवलं. खाऱ्या पाण्यात ही माती फुगायचं विसरते, तिची आमटी होते, आणि आमटी पंपाने उपसता येते. वाचताना मी एकटीच टाळी वाजवली. कारण बेंटोनाइटशी माझी जुनी ओळख आहे.

पिझोमीटर बसवतो त्या भोकात वरून पाणी झिरपू नये म्हणून आम्ही बेंटोनाइटच्याच गोळ्या टाकायचो. राखाडी, सुपारीएवढ्या. कोरडी गोळी हातात खडखडीत असते. ओल्या हाताने धरली की आधी साबणासारखी बुळबुळीत होते, मग बोटांच्या रेषारेषांत शिरते, आणि मग जेवायला बसलं तरी हाताला तीच. एकदा पावसाळ्यात चार गोण्या जीपच्या मागे उघड्यावर राहिल्या, चूक माझीच होती. सकाळी पाहिलं तर चार गोण्यांची एक गादी झालेली, जीपच्या पत्र्याला घट्ट. पहारीने काढावी लागली. तेव्हा कुणी खाऱ्या पाण्याचं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

फ्रान्सचं वेगळं आहे. तिथे हा प्रश्न कायद्यात गेला. ब्यूरजवळ मातीच्या खडकात जवळपास ५०० मीटर खाली सिजिओ नावाची जागा करायची आहे. २००६ सालच्या कायद्याने सांगितलं की किमान १०० वर्षं तरी मागे फिरण्याची सोय हवी. २०१६ मध्ये दुसऱ्या कायद्याने या 'मागे फिरण्या'ची व्याख्या केली, आणि ती मला फार आवडली. नुसतं पिंप वर काढता येणं एवढंच नव्हे, तर पुढच्या पिढ्यांना काम चालू ठेवायचं, थांबवायचं की बेत बदलायचा हे ठरवता आलं पाहिजे. म्हणजे अडकलेली मोटर काढणं हा त्यातला एक भाग. मोटर पुढे खाली सोडायचीच का, हे विचारायचा हक्कही शाबूत हवा.

पण सोय ठेवायची म्हणजे काय ठेवायचं? बोगदा उघडा ठेवायचा. उघडा बोगदा म्हणजे हवा आली, दमटपणा आला, लोखंड गंजलं, आधार ढिले झाले, पंप चालू, पहारा चालू, पगार चालू. खडक गप्प बसत नाही. मिठाचा आणि मातीचा खडक तर हळूहळू आत सरकतो. फ्रान्समध्येच अल्सास भागात स्टोकामिन नावाची जागा आहे, जुनी पोटॅशची खाण. तिथे किरणोत्सारी नव्हे, विषारी रासायनिक कचरा ठेवला, सुमारे ४४,००० टन, आणि ठेवताना सांगितलं होतं की हा काढता येईल. २००२ साली खाली आग लागली. पुढे पारा असलेल्या कचऱ्याचा बराचसा भाग वर आणला गेला, पण उरलेला तिथेच बंद करायचं ठरलं, कारण दालनं आवळत चालली होती. निघण्याची मुदत खडकाने ठरवली.

आणखी एक गोष्ट आहे, ती लोक जरा दबक्या आवाजात बोलतात. सहज निघतं ते कुणालाही सहज निघतं. वापरलेल्या इंधनात प्लुटोनियम असतं. कुलूप आपल्यासाठी सोपं ठेवलं की चोरालाही सोपं झालं.

इतकं असूनही मी 'सोय हवी' या बाजूची आहे. आयुष्यभर यंत्रं पुरलेल्या बाईला आपण चुकू शकतो हे पक्कं माहीत असतं. माझं भांडण वेगळंच आहे, आणि ते पहिल्या प्रश्नाशी आहे.

धरणाचं नाव सांगत नाही. साल १९९८, जुलै, घाटमाथ्याचा पाऊस. धरणाच्या पोटात आमचे बत्तीस पिझोमीटर होते, तारेचे. त्यात एक बारीक तार ताणून बसवलेली असते, वरून विजेचा ठोका दिला की ती तंबोऱ्याच्या तारेसारखी थरथरते. पाण्याचा दाब बदलला की तारेचा ताण बदलतो, सूर बदलतो. वर बसून सूर ऐकायचा आणि दाब काढायचा. दर आठवड्याला आकडे वहीत.

त्या जुलैत सतरा नंबरचा आकडा एकदम उडी मारून वर गेला आणि तिथेच बसला. धरणाच्या पोटात अचानक दाब वाढणं म्हणजे पाण्याने वाट शोधली असेल. पुण्यात वाढलेल्या माणसाला यापुढचं सांगावं लागत नाही. माझ्या आईने १२ जुलै १९६१ चं, पानशेत धरण फुटल्यावरचं पाणी नारायण पेठेत पाहिलं होतं, आणि माहेरच्या घरात ती भिंतीवरची रेघ मी लहानपणापासून बघत होते. कार्यकारी अभियंता रात्री साडेदहाला म्हणाले, "मॅडम, मला एकच सांगा. धरण बिघडलंय की तुमचं यंत्र?"

मला सांगता येईना. यंत्र मातीत सत्तर फूट आत. ते उकरून बघायचं तर धरण उकरावं लागेल. तीन आठवडे आम्ही पायथ्याशी झिरपणारं पाणी मोजलं, बाटलीत भरून गढूळ आहे का ते उजेडात धरून पाहिलं. ते स्वच्छ होतं, आणि जेवढं असायचं तेवढंच. साहेबांच्या तीन बैठका झाल्या. दरवाजे उघडून पाणी कमी करायचं का? कुणी म्हणालं करा, कुणी म्हणालं खालच्या गावांनी काय करायचं.

चौथ्या आठवड्यात मी सगळी वही पहिल्यापासून काढून बसले. आणि दिसलं की ज्या दिवशी सतरा चढला त्याच दिवशी तेवीस उतरला होता. चढलेला आकडा सगळ्यांनी पाहिला, उतरलेला एकानेही नाही. मीसुद्धा नाही. उंदरांनी केबल कुरतडली होती, ती चौकीवरच्या माणसाने मोठ्या मनाने स्वतःच जोडली, आणि सतराच्या वायरी तेविसाला आणि तेविसाच्या सतराला. धरण ठणठणीत होतं.

आता हेच चारशे मीटर खाली नेऊन बघा. पिंपाभोवतीच्या मातीचं तापमान, ओल, फुगण्याचा दाब, खडकातल्या पाण्याचा दाब, हे सगळं मोजता येतं. पण मोजायला केबल लागते, आणि ज्या मातीने पाणी अडवायचं तिच्यातूनच केबल गेली की केबलच्या कडेने पाण्याला वाट मिळते. पाहायला जावं तर राखायचं तेच बिघडतं. म्हणून बिनतारी यंत्रांचे प्रयोग झाले. बेल्जियममध्ये मोल इथे हेडीस नावाची भूमिगत प्रयोगशाळा आहे. तिथून २२५ मीटर माती ओलांडून, अगदी हळू लहरींच्या चुंबकीय क्षेत्राने निरोप वर पाठवून दाखवला. तरी बॅटरी संपते. यंत्रं दशकांच्या हिशेबाने टिकतात, कचऱ्याचा हिशेब लाख वर्षांचा.

टिकण्याचा सगळ्यात प्रामाणिक प्रयोग स्वित्झर्लंडमध्ये ग्रिमझेलच्या डोंगराखाली झाला. १९९७ साली बोगद्यात कचऱ्याच्या जागी दोन मोठे हीटर ठेवले, भोवती बेंटोनाइटच्या विटा, आणि मातीत-खडकात सहाशेहून जास्त मापकं. एक हीटर २००२ मध्ये उघडला, दुसरा १८ वर्षांनी, २०१५ मध्ये. काही मापकं अजून जिवंत होती, बरीच मेलेली. पण खरी किंमत उघडून पाहण्याला आहे. यंत्र काय सांगत होतं आणि प्रत्यक्षात माती किती ओली होती, हे दोन्ही शेजारी ठेवून बघता आलं. असं उघडून पाहणं आमच्या नशिबी कधीच नव्हतं. धरण कोण उघडू देणार?

स्विस लोकांनी यातून जो तोडगा काढलाय तो आपल्याकडच्या कुठल्याही आजीला पटेल. मुख्य जागा भरून तिच्या वाटेला जायचं नाही, आणि तिच्याच शेजारी, तशाच खडकात, तशाच पिंपांची छोटी जागा करून तिच्यावर पहारा ठेवायचा. यंत्रं सगळी तिच्यात. ती कशी वागते त्यावरून मोठीचं जोखायचं. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय.

पण सतरा नंबरचा प्रश्न यानेही सुटत नाही. समजा छोट्या जागेत एका मापकाने उडी मारली. मग? साहेब रात्री साडेदहाला काय विचारतील ते मला माहीत आहे. एका यंत्राच्या बोलण्यावर धडधाकट पुरलेला कचरा उकरून काढायचा, म्हणजे नसलेलं दुखणं ओढवून घ्यायचं. आणि यंत्र बिघडलं असेल म्हणून सोडून द्यायचं, तर मग बसवलं कशाला? कोणता आकडा आला की काय करायचं, किती यंत्रांनी एकच सांगितलं की ते खरं धरायचं, हे आकडा येण्याआधी ठरवून लिहून ठेवलं नसेल, तर ती नुसती वही. वह्या मी पुष्कळ भरल्यात.

माझं आजोळ सांगलीजवळ, हरिपूरचं. हरिपूरची हळदीची पेवं एकेकाळी लांबलांब प्रसिद्ध होती. जमिनीत घागरीच्या आकाराचा खोल खड्डा, तोंड लहान, पोट मोठं. हळद भरून तोंड मातीने लिंपलं की वर्षानुवर्षं कीड नाही. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि त्यातली बरीच गेली. लहानपणी मी पेव उघडताना पाहिलंय. तोंड फोडलं की लगेच कुणी आत उतरत नसे, खाली हवा कोंडलेली. बराच वेळ उघडं ठेवायचे, मग दोरीला कंदील बांधून सोडायचे. कंदील विझला तर त्या दिवशी काम बंद. हमाल, अडत्या, मालक, कुणीही असो. यावर चर्चा व्हायची नाही. आजोबांना घाई असली तरी नाही.

पुढे कामावर सगळी महागडी यंत्रं पाहिली, पण त्या कंदिलाएवढी चोख देखरेख मी पाहिली नाही. कारण विझल्यावर काय करायचं ते आधीच ठरलेलं होतं.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये कार्ल्सबादजवळ मिठाच्या थरात साधारण ६५५ मीटर खाली अण्वस्त्रांच्या कामातला कचरा ठेवतात. १४ फेब्रुवारी २०१४ च्या रात्री तिथला कंदील विझला. हवेतल्या मापकाने धोक्याची घंटा दिली, आणि कुणाला विचारायच्या आत खालून येणारी हवा आपोआप गाळण्यांकडे वळली. खाली त्या वेळी माणूस नव्हता. झडपा पुरत्या हवाबंद नव्हत्या म्हणून थोडं निसटलं, पण बैठक बोलवावी लागली नाही. कारण शोधलं तेव्हा एक पिंप आतल्या आत तापून फुटलेलं निघालं. त्यातल्या नायट्रेटच्या क्षारांची ओल शोषायला मांजराच्या घाणीसाठी वापरतात तो भुसा घातला होता. तो मातीचा असता तर काही झालं नसतं, पण तो गव्हापासून केलेला निघाला. खडक, मीठ, खोली सगळं बरोबर, आणि घात केला गव्हाने. तीनेक वर्षं जागा बंद होती.

याच्या उलट टोकाला जर्मनीतलं आसे. लोअर सॅक्सनीतली जुनी मिठाची खाण. १९६७ ते १९७८ मध्ये तिथे सुमारे १,२६,००० पिंपं गेली. प्रयोग म्हणून, असं म्हणत. काही दालनांत तर रचलीसुद्धा नाहीत, वरून ढकलून दिली. १९८८ पासून खाणीत खारं पाणी येतंय. दिवसाला सुमारे १२,००० लिटर, आमच्या हिशेबात सव्वा टँकर. म्हणजे मापक होतं, आकडा होता, रोज मोजला जात होता. पण पिंपं बाहेर काढायची हे ठरायला २०१० उजाडलं, आणि २०१३ मध्ये त्यासाठी खास कायदा करावा लागला. पिंपं अजून खालीच आहेत. ती काढायला आधी नवा शाफ्ट खणायला हवा, वर ठेवायला जागा हवी, आणि ती जागा कुणाच्या गावात यावरून भांडण. निघेल की, कधीही!

आपल्याकडे काय, हे लोक विचारतात, तर थोडक्यात सांगते. आपण वापरलेलं इंधन सरळ पुरत नाही, त्यातलं युरेनियम-प्लुटोनियम काढून घेतो. उरतो त्या जहाल कचऱ्याची काच करतात आणि ती तारापूरला हवेने थंड राहणाऱ्या कोठारात ठेवतात, जमिनीजवळच, नजरेसमोर. म्हणजे आपण अजून पहिल्याच पायरीवर आहोत, आणि घाई नाही असं आपलं धोरण. १९८० च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत हजारेक मीटर खाली हीटर ठेवून खडक कसा तापतो ते मात्र मोजून झालंय. आणि एक गंमत. त्याच कचऱ्यातलं सीझियम वेगळं काढून भाभा अणुसंशोधन केंद्राने त्याच्या काचेच्या पेन्सिली केल्या, रक्तपेढ्यांमध्ये रक्तावर किरणांचा मारा करायला. पुरून बसलो असतो तर? सोय ठेवावी म्हणणाऱ्यांच्या बाजूने हा मुद्दा मी नेहमी सांगते. समोरचे म्हणतात, मग अजून शंभर वर्षं थांबायचं का? त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, मी विषय बदलते.

तर बोअर.

दुसऱ्या दिवशी नामदेव मिस्त्रींनी कॉम्प्रेसर आणला. पाईपाच्या कडेने हवा मारली, तशी बोअरच्या तोंडातून तांबडं पाणी उसळलं आणि सुभाषरावांची पांढरी गाडी गेरूच्या रंगाची झाली. पाईप सुटले. एक, दोन, पाच, सात. नऊ वर आले. दहाव्याला साखळी ताणली आणि खालून कडकन आवाज आला. आटे तुटले. उरलेले चार पाईप मोटरसकट तळाला गेले. मिस्त्रींनी हुक सोडून दोन तास चाचपडलं, मग हात पुसत म्हणाले, "आता नवीन बोअर मारलेलं स्वस्त."

सोसायटीची तातडीची बैठक झाली. पंधरा फूट बाजूला नवीन बोअर मारायचं ठरलं. या वेळी गेरूच्या पट्ट्यापर्यंत केसिंग टाकायचं, आणि दर दोन वर्षांनी मार्चच्या पहिल्या रविवारी मोटर काढून परत सोडायची, पाणी येत असलं तरी. हे मी ठरावात लिहून घेतलं. "येत असलं तरी" हे शब्द सुभाषरावांना खोडायचे होते.

जुन्या बोअरच्या तोंडावर लोखंडी झाकण वेल्डिंग करून बसवलं. मी टेप घेऊन खाली गेले आणि सोसायटीच्या रजिस्टरमध्ये नोंद करायला घेतली. बोअर साडेसहा इंची, ३२० फूट. आत तळाला चार पाईप आणि मोटर, ५ एचपी. कॉम्प्रेसरने प्रयत्न केला, दहाव्या पाईपाचे आटे तुटले.

"हे कशाला एवढं, काकू?" सुभाषराव म्हणाले. "कोण काढणार आहे आता ते?"

"काढायला नाही हो. आणखी वीस वर्षांनी कुणी बरोबर त्याच जागी मशीन लावू नये म्हणून."

ते टेपचं दुसरं टोक धरून उभे राहिले. "कुठून मोजायचं मग? भिंतीपासून की गेटपासून?"

दोन्हीपासून लिहा म्हटलं. रस्ता रुंद होणार आहे, गेट हलणार.